चिया कोरडं खाल्लं तर चालतं का?

प्रश्न (इंदूर): सियागंजातून चिया आणलंय. सासूबाईंना बद्धकोष्ठ आहे. सकाळच्या पोह्यांवर कोरडंच भुरभुरवू का?

उत्तर: कोरडं नकोच! चिया वजनाच्या दहापट पाणी ओढतं. अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. चहाचा एक चमचा बी, पाऊण वाटी पाणी. पाच मिनिटांनी पुन्हा ढवळा, नाहीतर तळाशी गोळा बसतो, आतलं बी कोरडंच राहतं. अर्ध्या तासाने द्या.

उत्तर: २८ ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम तंतू असतात, म्हणून पहिला आठवडाभर रोज एकच चमचा. दिवसभरात पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ उलट वाढतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उत्तर: आणलंय ते चियाच आहे ना, बघा: काळंभोर, मिनिटांत फुगणारं बी म्हणजे सब्जा, चिया करडं, ठिपकेदार. चियातलं ओमेगा-३ (एक चांगली चरबी) हवं असेल तर जवसाची चटणीही उत्तम, शिवाय स्वस्त.