कॉफी घ्या, पण सवयीचीच
धावण्याच्या शर्यतीआधी कॉफी प्यायल्याने अंगातलं पाणी कमी होतं, असं काही जण म्हणतात. रोज पिणाऱ्याला एका कपाने तसं काही होत नाही. गोव्यात मिरामारला धावताना आपल्याला निथळवते ती दमट हवा, बिचारी कॉफी नव्हे! कॅफीनने खेळातली कामगिरी सुधारते का, हे पाहणाऱ्या अभ्यासांत सहसा वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफीन, तासभर आधी, असं प्रमाण असतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला किमान १८० मिलिग्रॅम. घरच्या दुधाळ कपात तेवढं कुठलं? आणि २००४ पासून कॅफीन खेळाडूंसाठीच्या उत्तेजकांच्या बंदीच्या यादीतही नाही.

पण शर्यतीच्या पहाटे नवा प्रयोग नको. मी एकदा उत्साहात दोन मग कडक काळी कॉफी ढोसली आणि दोनापावला येईपर्यंत शौचालय शोधत होतो. आता केळं आणि एकच कप.