अध्यक्ष निवडताना न्यायाधीशांचा विचार केला होता का? अनुभव सांगा

अमेरिकेत मत देणाऱ्या (आणि देऊ न शकणाऱ्या) मराठी मंडळींसाठी हा धागा. अध्यक्षाने नेमलेला आणि सिनेटने मंजूर केलेला संघीय न्यायाधीश तहहयात बसतो, अध्यक्ष फार तर आठ वर्षं. कार्टरना सर्वोच्च न्यायालयावर एकही नेमणूक करायला मिळाली नाही, ट्रम्पना पहिल्या चार वर्षांतच तीन. तुमचं मत कधी या मुद्द्यावर ठरलं का? प्रचार नको, स्वतःचं किंवा घरातलं लिहा.

ओहायोकर
२०१६ चं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश स्कॅलिया फेब्रुवारीत वारले, ओबामांनी त्यांच्या जागी गारलंड यांचं नाव दिलं, रिपब्लिकन सिनेटने सुनावणीच घेतली नाही. निवडणुकीपर्यंत खुर्ची रिकामी. आमच्या ऑफिसात दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे एक गृहस्थ होते. ट्रम्प यांची भाषा, लग्नं, कॅसिनो, काहीच त्यांना रुचत नव्हतं. मे महिन्यात ट्रम्पनी संभाव्य न्यायाधीशांची अकरा नावं जाहीर केली. "यादी बघितली, झालं माझं," म्हणाले. असे ते एकटे नव्हते. त्या वर्षीच्या मतदानोत्तर चाचणीत २१ टक्के लोकांनी या नेमणुका हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा सांगितला होता आणि त्यांतले ५६ टक्के ट्रम्पकडे गेलेले. माझ्या डोक्यात तेव्हा आरोग्यविमा होता.

ह्यूस्टनची डॉक्टरीण
मी स्त्रीरोगतज्ज्ञ. नागरिक झाल्यावर पहिलं मत २०२० ला दिलं, तेही आगाऊ मतदानात. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला गेल्या आणि त्यांच्या जागी ट्रम्पनी नेमलेल्या बॅरेट २६ ऑक्टोबरला सिनेटमध्ये ५२-४८ ने मंजूर झाल्या. माझं मत तोवर पडून गेलेलं! जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा डॉब्ज निकाल आला आणि गर्भपाताचा हक्क देशभर देणारा १९७३ चा रो निकाल रद्द झाला. आमच्या टेक्सासमध्ये गर्भपातावर बंदी आली. आता विसाव्या आठवड्यात पाणी गेलेली बाई आली, की काय करायचं हे माहीत असूनही आधी हॉस्पिटलच्या वकिलाला विचारावं लागतं. बाळाचे ठोके चालू आहेत ना, मग थांबा. संसर्ग होईपर्यंत? हे पुण्याहून आलेल्या सासूबाईंना समजावताना माझी पुरेवाट झाली. "अगं, आपल्याकडे एकाहत्तर सालापासून कायदा आहे," त्या म्हणत राहिल्या. २०२४ ला मी अर्थव्यवस्था, परराष्ट्र धोरण काही पाहिलं नाही. सिनेटसाठीचं मतही याच हिशोबाने दिलं, कारण मंजुरी तिथे मिळते. लोक हे विसरतात.

फिनिक्सहून
डॉक्टरीणबाई, इथे उलटा प्रकार. २०२४ ला ॲरिझोनाच्या मतपत्रिकेवर गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव होता, तो सुमारे ६१ टक्क्यांनी मंजूर झाला. राज्य मात्र ट्रम्पनी जिंकलं! माझ्या शेजारणीने दोन्ही केलं. प्रस्तावाने हक्क वाचला, मग अध्यक्ष किराणा स्वस्त करणारा हवा, असं तिचं म्हणणं. न्यायाधीशांचा विषय काढला तर विषय बदलला तिने.

एडिसनचे आजोबा
मी रिपब्लिकनांना मत देतो, लपवत नाही. नातवाच्या कॉलेजप्रवेशाचं वर्ष होतं आणि जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा हार्वर्ड विद्यापीठाबद्दलचा निकाल आला, प्रवेशात वंशाचा विचार बंद. ट्रम्पनी नेमलेले तिघेही त्या बाजूने. माझ्या दृष्टीने मताचं चीज झालं. सूनबाईंना हे अजिबात पटत नाही. आमच्याकडे हल्ली जेवताना हा विषय काढायचा नाही असं ठरलंय.

पुण्यातून वाचक
आपल्याकडे मतदाराचा यात थेट हात नाही. वरिष्ठ न्यायाधीशांचं कॉलेजियम नावं सुचवतं, पासष्टाव्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातून निवृत्ती. कॉलेजियमऐवजी आणलेला न्यायिक नियुक्ती आयोगही २०१५ मध्ये न्यायालयानेच रद्द केला. वकील मित्र यावर तासन्‌तास भांडतात, निवडणुकीत कोणी नाव काढत नाही.

एच-वनवाला, सिएटल
मला मत नाही, तरी लिहितो. २० जानेवारी २०२५ ला जन्मसिद्ध नागरिकत्वावर बंधन घालणारा ट्रम्प यांचा आदेश निघाला तेव्हा बायकोची बाळंतपणाची तारीख मार्चची होती. तात्पुरत्या व्हिसावरच्यांची मुलंही त्यात होती. तीनच दिवसांत इथल्या न्यायालयाने तो तात्पुरता रोखला. न्यायाधीश कोणाचे म्हणून शोधलं, तर रिपब्लिकन अध्यक्ष रीगन यांनी १९८१ मध्ये नेमलेले! आजोबा, तुमचेच. नेमणाऱ्याचं नाव बघून निकाल ओळखता येतो असं समजणाऱ्यांनी हेही धरावं.

ह्यूस्टनची डॉक्टरीण
खालच्या न्यायालयाचं ठीक आहे हो. वर नऊच जण आहेत, आणि तिथे मला आता नाव बघूनच कळतं.