४ इंची चाकू बरा वाटतोय पण म्यान सैल आहे, ठेवू की परत करू?

रानवाट_८३:
मंडळी, ट्रेकसाठी छोटा फिक्स्ड ब्लेड (न मिटणारा) चाकू मागवलाय, पातं ४ इंच, कार्बन स्टील, सोबत चामड्याचं म्यान. धार कडक आहे, पेपर सरसर कापतो. पण म्यानात चाकू खुळखुळतो, बटण लावल्याशिवाय भरवसा नाही. वापर म्हणजे कांदा-टोमॅटो, दोरी आणि चुलीसाठी काटक्या छिलणं, बाकी काही नाही. परत करायला ७ दिवस आहेत, घरी काय काय बघू?

दगडफूल:
नवीन चाकू सगळेच पेपर कापतात हो. खरं तर सुकी काटकी अर्धा तास छिलून मग परत पेपर कापून बघायचा, पण तसं केलंत की वापरलेला चाकू परत कोण घेणार, म्हणून आधी म्यानच बघा. बटण उघडं ठेवा, खाली जाड सतरंजी टाका, पाय लांब, म्यान उलटं धरून दोन-चार झटके द्या. मग टॉर्च मारून आत बघा, धारेच्या बाजूला शिवणीलगत चामड्याची मधली पट्टी आहे का. ती नसेल तर धार रोज थोडाथोडा दोरा कापत राहते. माझ्या एका जुन्या म्यानाची शिवण अशीच गेली, राजगड उतरताना पॅंट फाटली, मांडी वाचली.

ओलाचिंब:
कार्बन स्टील + चामडं + सह्याद्रीतला जुलै = गंज. चामडं ओल धरून ठेवतं. घरी आल्यावर चाकू वेगळा, म्यान वेगळं, पुसून खोबरेलाचा हात फिरवायचा. मी मोरा कंपॅनियन वापरतो, स्वीडनचा, स्टेनलेसवाला, पातं १०४ मिमी, जाडी अडीच मिमी. म्यान प्लास्टिकचं, दिसायला टूथब्रशची डबी, पण चाकू खटकन बसतो आणि तळाला पाणी जायला भोक आहे. स्कँडी ग्राइंड, म्हणजे धारेपर्यंत एकच सपाट उतार, असल्यामुळे ती उतरती बाजू निसण्यावर सपाट टेकवली की झालं, अँगल शोधत बसायला नको. फक्त पात्याचा दांडा मुठीत शेवटपर्यंत जात नाही, त्यामुळे वरून ठोकून लाकूड फोडायला मी तो वापरत नाही.

आकडीवाला:
फोडायला कोयती आहे की! आमच्याकडे कोकणात म्यानाची भानगडच नाही, कमरेला आकडी, मागे कोयती अडकवली की चालले. पण तुम्ही पट्ट्याला लावणार असाल तर एकदा सॅक पाठीवर घेऊन, हिप बेल्ट आवळून उकिडवे बसा. मूठ बरगडीत घुसते की नाही ते लगेच कळेल. आणि विमानाने जाणार असाल तर चेक-इन बॅगेतच, केबिनमध्ये अजिबात नाही.

रानवाट_८३:
केलं सगळं. मधली पट्टी आहे, शिवण पण बरी, पण दुसऱ्याच झटक्याला चाकू सतरंजीवर. भिजवून, दाबून घट्ट करता येईल का?

दगडफूल:
व्हेज टॅन, म्हणजे झाडांच्या सालीबिलीने कमावलेलं चामडं असेल तर येतं. चाकूला तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, ओल्या म्यानात घालून बोटांनी दाबायचं, सावलीत वाळवायचं. पण मग परत करायचं विसरा.

रानवाट_८३:
नको मग. आज पॅक करून परत पाठवतोय. @ओलाचिंब, त्या प्लास्टिकच्या म्यानाची क्लिप जाड पट्ट्यावर बसते का?