मदत हवी आहे: आईचा मेनिअर्स, आता दुसराही कान चाललाय. कॉक्लिअर इम्प्लांट करावं का?

नमस्कार मंडळी,

आई 61 वर्षांची, साताऱ्यात असते. डाव्या कानाचा मेनिअर्स (आतल्या कानाचा आजार) 11 वर्षांपूर्वी निघाला. कानात दडे बसायचे, आत घरघर, आणि मग दोन-दोन तास घर गरगरायचं, उलट्या. आतल्या कानातलं पाणी वाढून दाब येतो म्हणून बीटाहिस्टिन, लघवीवाटे पाणी काढायची गोळी, मीठ कमी. लोणचं-पापड तिने तेव्हापासून तोंडाला लावलेलं नाही. चक्कर आटोक्यात आली, कान मात्र गेला.

दिवाळीपासून उजव्या कानात तेच सुरू झालंय. आधी फक्त खर्जातले आवाज गेले. बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या, बाबांची हाक नाही. ही मुद्दाम ओ देत नाही असं बाबांना वाटायचं, त्यावरून भांडणंही झाली. आता ती कुकरच्या शिट्ट्या डोळ्यांनी मोजते. ओट्याशी उभी राहते, वाफ सुटली की एक बोट दुमडते.

परवाचा ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी, आकडा जास्त तितकं ऐकू कमी): डावा 90 डेसिबल, उजवा 75. उजव्या कानाला मशीन आहे, पण त्याने नुसता आवाज वाढतो, शब्द कळत नाहीत. तपासणीत 25 पैकी 6 शब्द बरोबर आले. भांडं पडलं की कानात कळ जाते, मग मशीन डबीत. कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडची 3 इंजेक्शनं झाली, फरक आठवडाभरच टिकला. जेंटामायसिनच्या इंजेक्शनने चक्कर थांबेल, पण उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं, म्हणून डॉक्टर नको म्हणाले. एमआरआयमध्ये ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही.

आता डाव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवायचं, ऐकण्याच्या नसेला थेट संकेत देणारं यंत्र) सुचवलंय. मेनिअर्समध्ये मोठ्या वयात हे केलेलं कुणी आहे का? इतकी वर्षं बंद असलेल्या कानाला शब्द कळायला किती महिने लागले? चक्कर आली की इम्प्लांटचं ऐकणंही खालीवर होतं का? ऑपरेशननंतरचा सराव मराठीतून कुठे करून घेतात? वांद्र्याच्या अली यावर जंग वाक्-श्रवण संस्थेत मोठ्या माणसांसाठी सोय कशी आहे?

दिव्यांग प्रमाणपत्राचंही विचारायचंय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कान 70 डेसिबलला बहिरेपण धरतात. आईचा उजवा कान कधी 60, कधी 75 दाखवतो. अशा वेळी कोणता रिपोर्ट धरतात?

फोनवर तिला बोलता येत नाही, पण हा धागा ती स्वतः वाचणार आहे. सरळ तिलाच उद्देशून लिहिलंत तरी चालेल.