नववी-दहावीच्या पोरांना जिवंत ज्वालामुखी दाखवायचाय, आइसलँड की इंडोनेशिया?

भूगोलसर_सांगली:
नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, पंधरा वर्षं झाली. दरवर्षी फळ्यावर तोच शंकू काढतो, मध्ये नळी, खाली शिलारसाचा कोठा, वर धूर, पोरं वहीत उतरवून लाल पेन्सिलीनं रंगवतात आणि परीक्षेत मार्क मिळवतात. यंदा नववीतल्या एका पोरीनं विचारलं, सर तुम्ही खरा बघितलाय का? नाही म्हणालो. ते डोक्यातून जाईना.
संस्थेशी बोललो, तत्त्वतः होकार आहे. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत १८-२० पोरं, ३-४ शिक्षक, सात-आठ दिवस असं धरलंय. दोन ठिकाणी कोटेशन काढलं, आइसलँडचा आकडा इंडोनेशियाच्या दुपटीच्या वर जातोय. पालकांना मी काय सांगू, कुठं न्यावं आणि सुरक्षिततेचं काय बघायचं? कुणी जाऊन आलं असेल तर मोकळेपणानं लिहा. आमच्या शाळेतली बरीच पोरं अजून विमानात बसलेली नाहीत, पासपोर्टपासून तयारी आहे.

भटक्या_सातारा:
सर, मी जावा आणि बाली केलंय, आइसलँड नाही, त्यामुळं माहीत आहे तेवढंच सांगतो. मे महिना तिकडं कोरड्या हंगामात येतो, तुमच्या सुट्टीला अगदी जुळतो.
पोरांसाठी जावातला ब्रोमो ज्वालामुखी हवाच. मध्यरात्रीनंतर उठून जीपनं पेनांजाकानच्या पॉइंटवर जायचं, तिथं आपल्या महाबळेश्वरच्या डिसेंबरासारखा गारठा असतो म्हणून प्रत्येकाला स्वेटर आणि कानटोपी, इंडोनेशिया म्हणजे समुद्रकिनारा असं समजून पोरं टी-शर्टवर येतात आणि कुडकुडतात. उजाडलं की खाली मोठ्ठं वाळूचं मैदान दिसतं, ते म्हणजे जुन्या प्रचंड ज्वालामुखीचा खचलेला तळ, त्यात २३२९ मीटरचा ब्रोमो उभा आणि मागं ३६७६ मीटरचा सेमेरू, जावातला सगळ्यात उंच. मग मैदान ओलांडून अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या की थेट मुखाच्या कडेवर. आतून सतत घरघर येत असते, पुस्तकातल्या चित्रात ती नाहीच. तिथले तेंग्गेर लोक हिंदू आहेत, ब्रोमो हे नावच ब्रह्मा वरून आलंय, वर्षातून एकदा ते मुखात भाजी, धान्य, कोंबडी असं अर्पण करतात. आपल्याकडच्या पोरांना हे लगेच भिडेल.
जावातल्याच कावा इजेन ज्वालामुखीला मात्र नेऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. निळ्या ज्वाळांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत म्हणून एजंट ते आधी पुढं करतात. तो लाव्हा नसतो, गंधकाचे वायू पेटतात त्याची ज्योत असते, आणि ते बघायला अंधारात विवराच्या आत उतरावं लागतं. खाली तीव्र आम्लाचं तळं. वाऱ्यानं दिशा बदलली की मास्क लावूनही मोठ्या माणसाचा घसा धरतो. तिथं गंधक खणणारी माणसं ७०-८० किलोच्या टोपल्या खांद्यावर घेऊन वर येताना बघितली, त्यांच्याबद्दल वर्गात जरूर शिकवा, पण दम्याचं पोरगं असेल तर तिथं नेणं म्हणजे जिवाशी खेळ.
त्यापेक्षा बालीतला बाटूर ज्वालामुखी बघा. १९२६ ला लाव्ह्यानं तिथलं गावच गाडलं, मग लोकांनी देऊळ आणि वस्ती वर कड्यावर हलवली. पायथ्याला काळ्या लाव्ह्याचं मैदान आहे, त्यात चालता येतं, नुसता थिजलेला काळा दगड पण मधूनच झाडं उगवलेली.
व्हिसा विमानतळावर मिळतो, माणशी ५ लाख रुपिया, आधी ऑनलाइन काढला तर रांग वाचते. बालीचा वेगळा दीड लाख रुपियाचा पर्यटक कर आहे. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा. आणि शाकाहारी पोरांसाठी आधीच लिहून द्या, गाडो-गाडो म्हणजे भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, पण त्यात कोळंबीचा मसाला असू शकतो, विचारल्याशिवाय खाऊ घालू नका.

घाटमाथा_वाई:
सर मी भूशास्त्र शिकलेला माणूस आहे म्हणून जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. कुठं न्यायचं हे खर्चावरून ठरवायच्या आधी पोरांना दाखवायचंय काय ते ठरवा. तुमची पोरं रोज ज्या दगडावर चालतात, ज्याची काळी माती झाली आणि त्यात ऊस-द्राक्षं येतात, तो सगळा लाव्हाच आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो जावासारख्या शंकूतून आलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ बेसाल्ट पाण्यासारखा पसरत गेला, थरावर थर. जावातल्या ब्रोमो-मेरापीचा शिलारस घट्ट, वायू अडकतो, म्हणून स्फोट होतो, आणि ते घडतं कारण एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतोय. पोरं ब्रोमो बघून आली आणि परत येऊन म्हणाली अजिंक्यतारा पण असाच झाला, तर ट्रिप वाया गेली असं मी म्हणेन.
आपल्या सह्याद्रीचा जवळचा नातेवाईक आइसलँड आहे. तिथं दोन भूपट्ट दरवर्षी साधारण २ सेंटीमीटर एकमेकांपासून लांब जातायत, थिंगवेलिरला त्या फटीतून चालता येतं. १७८३ ला लाकीची सत्तावीसेक किलोमीटरची भेग फुटली ती आठ महिने ओकत होती. आणि आत्ताच्या काळात रेक्यानेस भागात २०२१ पासून पुन्हा पुन्हा भेगा फुटतायत, ग्रिंडाविक गाव नोव्हेंबर २०२३ ला रिकामं करायला लागलं. पण शेंगेन व्हिसाला २० पोरांच्या अपॉइंटमेंट, ३० हजार युरोचं इन्शुरन्स, तिथलं जेवण, हे सगळं धरलं तर साधा शेतकरी पालक गळतोच, ते मला कळतंय.
म्हणून तिसरं नाव सांगतो, मॉरिशस. ज्या तप्तबिंदूवरून, म्हणजे खोलातून शिलारस वर येत राहतो त्या जागेवरून, आपलं दख्खन ओतलं गेलं असं मानतात त्याच्यावरून भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकत गेला, मागं लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग सुटत गेली, मग कधीतरी ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं आणि आज त्याच बिंदूवर रीयुनियन बेट बसलंय, तिथला पितों द ला फुर्नेझ आजही सारखा पेटतो. मॉरिशसचे ज्वालामुखी आता शांत आहेत, मुख हिरवंगार झालंय, पण दगड आपल्या घरचा आहे. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. आणि तिथं मराठी कुळं आहेत, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी गेलेली, गणपती करतात. पोरांना तो धूर नाही दिसणार, पण नातं दिसेल.
अजून एक, कोयनेचा १९६७ चा भूकंप ज्वालामुखीमुळं नव्हता, हे जाण्याआधी वर्गात नक्की सांगा. आमच्या इकडं मोठी माणसंपण दोन्ही गोष्टी एकत्र करतात.

आई_कराड:
सर, मी पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी दुसऱ्या शाळेत आठवीला आहे. तिच्या शाळेनं मागं एक मोठी सहल काढली, अकरा मुलं गेली, बाकीची वर्गात बसली, आणि पुढं महिनाभर वर्गात फक्त तेच बोलणं. आमच्या घरी तेव्हा पैसे नव्हते. ती काही म्हणाली नाही पण रोज डब्यातलं अर्धं परत आणायची. म्हणून एवढंच विचारते की ज्या मुलीनं तुम्हाला प्रश्न विचारला ती यादीत आहे का?
आणि मुली असतील तर दोन तरी बाई सोबत पाहिजेत, एक नको, एक आजारी पडली तर काय. औषधांची यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. प्रत्येकाच्या आईवडिलांचं संमतीपत्र नोटरी करून, त्याची एक प्रत शिक्षकांकडं एक पोराच्या बॅगेत. पासपोर्टला आपण पुण्याच्या ऑफिसखाली येतो, लहान मुलांच्या अर्जाला आईवडील दोघांचं डिक्लरेशन लागतं, ते अनुबंध डी म्हणतात, आमचा अर्ज त्याच्यात एक सही राहिली म्हणून परत आला होता. नाव आधार आणि जन्मदाखल्यावर एकसारखं आहे का ते आधी बघून घ्या, तिथंच सगळ्यात वेळ जातो.

भटक्या_सातारा:
वाईकरांचं पटलं, तरी धूर बघितलेलं पोरगं आणि न बघितलेलं पोरगं यात फरक पडतो असं मला मनापासून वाटतं. इंडोनेशिया केलंत तर धोक्याची पातळी बघायला शिका. तिथं सरकारी खातं प्रत्येक ज्वालामुखीला चार पातळ्या देतं, नॉर्मल, वास्पाडा, सियागा, आवास, आणि प्रत्येक पातळीला मुखापासून किती किलोमीटर लांब राहायचं तेही सांगतं, रोज ऑनलाइन दिसतं. दुसरी पातळी म्हणजे चालतंय असं नाही. सुमात्रातला मरापी (जावातला मेरापी वेगळा, नावात घोळ करू नका) डिसेंबर २०२३ ला दुसऱ्याच पातळीवर होता, तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका असं सांगितलेलं असताना माणसं वर होती, वीसहून जास्त गेली. एजंट म्हणेल काय होत नाही सर, तर त्याला तिथल्या तिथं नाही म्हणायचा अधिकार तुमच्याकडं आहे हे करारातच लिहून घ्या, आणि तिकडं दाखवायचं दुसरं ठिकाण तयार ठेवा.
राखेमुळं विमानं पण थांबतात. बालीचा विमानतळ नोव्हेंबर २०१७ ला आगुंगमुळं बंद होता, २०२४ ला दुसऱ्या बेटावरच्या लेवोतोबीमुळं फ्लाइट रद्द झाल्या. त्यामुळं एक दिवस जादा, आणि इन्शुरन्समध्ये राखेनं अडकलो तर पैसे मिळतात का हे बुकिंगच्या दिवशीच वाचा, उद्रेक सुरू झाल्यावर घेतलेली पॉलिसी सहसा उपयोगाची नसते.

भूगोलसर_सांगली:
ताई, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. ती पोरगी यादीत नाही. तिच्या वडिलांचं टेम्पोवर पोट आहे. मी आज हेडसरांशी बोललो. चार जागांचा खर्च संस्था आणि माजी विद्यार्थी मिळून उचलतील असं बघतोय, आणि त्या जागा लेखी प्रश्नांवरून द्यायच्या, कुणी चांगला प्रश्न विचारला यावर, मार्कांवर नाही. ते जमलं नाही तर ट्रिपच काढायची नाही असं मी त्यांना सांगून आलोय.
वाईकर, तुमचं वाचून आइसलँड मनातून काढलं पण मॉरिशस की जावा यात अजून अडकलोय. पोरांना घरघर ऐकवायचीय, हे खरं. इजेन बाद. मात्र एक ठरलं, परदेशात १८ जातील पण त्याआधी ऑक्टोबरात नववीच्या सगळ्या ६४ पोरांना एक दिवस आपला लाव्हा दाखवायचा. एसटीच्या दोन बस. थर नीट दिसतील आणि बस सुरक्षित उभी राहील अशी जागा कुठली?

घाटमाथा_वाई:
पाचगणीच्या टेबललँडवर न्या सर. पसरणी घाटात वळणावर बस थांबवायची नाही, ट्रॅफिक लय असतो. वर गेलं की पायाखाली तांबडा जांभा, म्हणजे बेसाल्टच झिजून झालेला, आणि कडेला येऊन समोरच्या डोंगराकडं बघितलं की पायऱ्या दिसतात, त्या मोजायला लावा, एक पायरी म्हणजे ढोबळमानानं लाव्ह्याचा एक लोंढा. कुठं दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेसारखा लाल पट्टा दिसला तर तिथं थांबून सांगा की इथं लाव्हा बराच काळ थांबला होता, माती व्हायला सवड मिळाली होती. पोरं हमखास विचारतात खाली किती आहे, त्याला उत्तर तयार ठेवा, कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय त्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास लाव्हाच लाव्हा आणि मग खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक.
हातोडी कुणाला आणू देऊ नका. प्रत्येक चौघांत एक भिंग आणि एक पाण्याची बाटली, दगड ओला केला की आतले बारीक स्फटिक चमकतात. दिवाळीच्या आधीचा शनिवार असेल तर मी वाईतून येतो, तारीख कळवा. त्या पोरीला माझ्या शेजारी बसवा.