गरोदरपणात गाडीला धडक: दावा आत्ता करायचा की बाळंतपणानंतर?

मला २९ वा आठवडा चालू आहे. गेल्या शनिवारी घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या सिग्नलला आमची गाडी उभी असताना मागून टेम्पोने ठोकलं. नवरा चालवत होता, मी बाजूला. पट्टा नीट पोटाखालून लावला होता, तरी ओटीपोटावर अजून निळा वळ आहे.

विचाराल म्हणून आधीच सांगते: रक्तस्राव नाही, पाणी गेलेलं नाही, बाळ फिरतंय. चोवीस तास ॲडमिट ठेवून ठोके पाहिले, सोनोग्राफी ठीक आली. रक्तगट ओ निगेटिव्ह, म्हणून ७२ तासांच्या आत अँटी-डी (बाळाच्या रक्ताविरुद्ध माझ्या शरीरात प्रतिपिंडं बनू नयेत यासाठीचं इंजेक्शन) दिलं. वार (प्लासेंटा) गर्भाशयापासून सुटलेली सोनोग्राफीत दरवेळी दिसतेच असं नाही, पोट कडक झालं तर थेट या, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्याबाबत मी त्यांचंच ऐकणार. घरगुती उपाय कृपया नकोत.

अडलंय ते पुढे. पोलिसांनी स्टेशन डायरीत नोंद केली, एफआयआर नाही. टेम्पोमालक रोज फोन करतो, "ताई, बंपरचे पैसे घ्या, तक्रार नाही असं लिहून द्या." सही केलेली नाही. टेम्पोचा नंबर, फोटो, डिस्चार्ज कार्ड, बिलं जपून ठेवलीत.

मोटार अपघात दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. बाळंतपण त्यातच येतं. ठाण्याच्या न्यायाधिकरणात असा दावा कोणी केलाय का? एफआयआरशिवाय अर्ज घेतात का? आणि आत्ताच अर्ज केला तर बाळाच्या तपासण्यांचा खर्च नंतर जोडता येतो, की बाळंत होईपर्यंत थांबावं?