दंगलीत श्रद्धेचा हात किती?

पारावरचा: 'धर्म मारायला शिकवत नाही, राजकारणी माथी भडकवतात' असं कोणी म्हटलं की पारावरची चर्चा तिथंच संपते. मला ही पळवाट वाटते. 16 ऑगस्ट 1942चं चिमूर घ्या. दगड-झाडं शस्त्रं होतील, भक्तांची सेना होईल, अशी भजनं तुकडोजी महाराज खंजिरीवर गात. नागपंचमीला प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला, मग लोकांनी सरकारी इमारती पेटवल्या, अधिकारी मारले. इंग्रजांनी महाराजांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात टाकलं ते उगाच नाही. हे आपण छाती फुगवून सांगतो. मग भजनानं माणूस पेटतो, हे बेचाळीसपुरतंच खरं कसं?

झाडीपट्टीकर: चिमूर आणि दंगल एकाच तागडीत? तिथं समोर बंदूकवालं सरकार होतं, शेजाऱ्याचं दुकान नव्हतं. आणि पुढचं का गाळलं? चिमुरात नंतर सैनिक-पोलिसांनी बायकांवर अत्याचार केले, त्याच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपास केला. तोही श्रद्धाळूच माणूस.

वैनगंगा: देव न मानणाऱ्यांचं काय? 1 मे 2019, गडचिरोलीतलं जांभूळखेडा. माओवाद्यांच्या सुरुंगात 15 पोलीस आणि गाडीचा चालक गेला. कुठला धर्म होता त्यात?

पारावरचा: देव नसेल, पण 28 जुलैपासून माओवाद्यांचा मेलेल्या साथीदारांसाठी शहीद सप्ताह असतो, जंगलात स्मारकं असतात. ही श्रद्धा नाही तर काय?

वैनगंगा: असं ताणलं तर ज्याच्यासाठी माणूस मरतो ते सगळंच धर्म. मग तुमचा मूळ प्रश्नच उरला नाही. खबऱ्या ठरवून ज्याला मारलं त्याच्या घरी बसून बघा. मार्क्सचं नाव कोणी काढत नाही. रात्री बोलवायला कोण आलं होतं, तेवढंच सांगतात.

वऱ्हाडी बाप्पा: नोव्हेंबर 2021. त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावतीत मोर्चा, दुसऱ्या दिवशी बंद, दोन्ही दिवस तोडफोड, मंग संचारबंदी अन् नेट बंद. आमच्या गावातला एक पोट्टा नकाशात त्रिपुरा दाखवून दे, मी मिशी काढतो. अन् हेच पोट्टे कार्तिकात काकड्याले उठत नाई बावा. श्रद्धा कुठची, मोबाईल हाये हातात.

पारावरचा: काकड्याला न उठणारा पोरगा झेंड्यासाठी मात्र उठतो, मी तेच विचारतोय. सोयाबीनच्या भावासाठी का येत नाही मग?

वऱ्हाडी बाप्पा: भावासाठी रस्ता अडवला तं केस लागते, अन् सोडवाले कुत्रं येत नाई. झेंड्यासाठी गेला तं जामिनाले वकील आधीच उभा राह्यते. पोट्ट्याईले हे बरोबर समजते.